सकाळचे सरळ, चारनंतरचे तिरके

इस्पितळात कुणाला भेटायला गेले की मी आधी खाटेचा कोपरा दाबून बघते. विचारपूस नंतर. पडलेल्या माणसाला वाटतं, बाई मायेने टेकायला जागा शोधते आहे. खाट डुगडुगली नाही की मला कालिंदीताई आठवतात, आणि डुगडुगली तर जास्तच आठवतात.

आमची बदली कलकत्त्याला झाली ती पन्नास सालच्या अखेरीस. हे सरकारी खरेदीखात्यात तपासणी अधिकारी होते. सरकारसाठी कुणी काही बनवलं, मग ती घमेली असोत नाहीतर इस्पितळाच्या खाटा, की ते मोजायचं, ठोकून बघायचं आणि 'चालेल' किंवा 'चालणार नाही' असं लिहायचं. माणूस स्वभावानेही तसाच. लग्नाला आठ वर्षं झाली तरी ताटात पडलेल्या पोळीकडे हे आधी कडेकडेने बघत.

पुढच्या वर्षीच्या ऑगस्टमधला एक रविवार. भवानीपूरच्या आमच्या घराची कडी वाजली. दारात पस्तीस-छत्तिशीच्या एक बाई उभ्या होत्या. सुती पाचवारी, पायात पुरुषी वहाणा, हातात कापडी पिशवी. पिशवीतून काहीतरी लांबट डोकावत होतं. मला वाटलं, मंडईतून येताना दुधीबिधी घेतला असेल.

"साहेब आहेत?" मराठीत.

"आहेत. आपण?"

"मी त्यांनी परत पाठवलेल्या चाळीस खाटा."

हे आतून ऐकत होते. बाहेर येऊन म्हणाले, "ऑफिसचं काम मी घरी करत नाही, बाई."

"मीही काम आणलेलं नाही. तुम्ही कशानं मोजलंत तेवढं दाखवा. त्याला बंदी आहे का?"

ह्यांनी क्षणभर विचार केला. बंदी नव्हती. नियमात नसलेली गोष्ट समोर आली की ह्यांची जी पंचाईत होते ती मला ओळखीची आहे. त्यांनी कपाटातून गुण्या काढला. सुताराकडे असतो ना काटकोन बघायचा, तसा, फक्त लोखंडी आणि तेल लावून फडक्यात गुंडाळलेला. बाईंनी पिशवीतला दुधी काढला. ती हातभर लोखंडी नळी निघाली, खाटेचा कापलेला पाय. ह्यांनी नळीच्या कापलेल्या तोंडाला गुण्या लावला आणि खिडकीकडे धरला. एका बाजूने नखाएवढी उजेडाची फट दिसली.

बाईंनी नळी फिरवून फिरवून तीनदा पाहिलं. मग म्हणाल्या, "हं. खोटं नाही."

मी पोह्यांच्या बशा आणल्या. मला वाटलं, संपलं. पण त्यांनी कमरेचा कागद काढला. "आता हे. इथे तुम्ही लिहिलंय, 'कारागिरी निकृष्ट'. निकृष्ट म्हणजे ज्याला येत नाही त्याची. आमच्या हाराधन मिस्त्रीला येतं. कापणी तिरकी आहे ना? मग तिरकी लिहा. माणसाला कशाला नावं ठेवता?"

"अहवाल एकदा गेला की बदलत नाही."

"ठीक. मग मी कापणी बदलते. पुन्हा दाखवायची सोय आहे की नाही तुमच्या नियमात?"

होती. तीस दिवसांत, एकदाच. तपासणी अधिकाऱ्याच्या डोळ्यांसमोर, कारखान्याच्याच माणसांनी, कारखान्याच्याच हत्यारांनी नळ्या कापून दाखवायच्या. पास झालं तर पुढच्या तीनशे खाटांचं काम त्यांचं, नाहीतर दुसऱ्या कुणाचं.

"जितके जास्त दिवस देता येतील तितके द्या," त्या म्हणाल्या. उठता उठता माझ्याकडे वळून, "पोहे छान झालेत, वहिनी. मीठ मात्र घाबरून घातलंय."

त्या गेल्यावर ह्यांनी खाटा परत केल्याच्या पत्राच्या तारखेपासून बोटांवर तीस दिवस मोजले. सतरा सप्टेंबर. "बघ गं, त्या दिवशी सुट्टीबिट्टी आहे का."

स्वयंपाकघरात खिळ्याला पुण्याहून आणलेलं पंचांग टांगलेलं होतं. मी पान उलटलं. सोमवार. पितृपक्ष, द्वितीया. "काही नाही," मी तिथूनच ओरडले. सतरा सप्टेंबरचं पत्र गेलं.

मला त्या बाई आवडल्या होत्या. पुढच्याच आठवड्यात पूल ओलांडून मी हावड्याला त्यांचा कारखाना बघायला गेले. बेलिलियस रोडच्या आत एक गल्ली, दोन्ही बाजूंना पत्र्याच्या शेड, प्रत्येक शेडमधून वेगळा आवाज. एकीवर बंगालीत आणि इंग्रजीत पाटी: 'तुळपुळे ट्यूब वर्क्स'. तुळपुळे हे कालिंदीताईंचं माहेर. "माहेरचं आडनाव पाटीला, सासरचं रेशनकार्डाला," असं त्या म्हणत. वडील श्यामराव ऐन विशीत रेल्वेच्या कारखान्यात लागायला हावड्याला आले, साहेबाशी भांडून बाहेर पडले आणि ही शेड घातली. कालिंदीताई इथेच जन्मल्या, इथल्याच कॉलेजात शिकल्या, लग्न होऊन दोन गल्ल्या सोडून राहिल्या. त्यांचं मराठी आपल्यापेक्षा शुद्ध होतं. कपाटातल्या चांदीच्या भांड्यासारखं, कारण बाहेर फारसं काढलंच नव्हतं. यजमान वसंतराव शाळेत गणित शिकवायचे. कारखान्याबद्दल त्यांनी आयुष्यात एकदाच मत दिलं होतं: "तुला जमेल."

दोन वर्षांपूर्वी श्यामरावांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि कालिंदीताई शेडमध्ये येऊ लागल्या. मालकी मात्र श्यामरावांचीच, आणि शेडची किल्ली त्यांच्या जानव्याला दोऱ्याने बांधलेली. रोज सकाळी आठला यायचे, सदऱ्यातून जानवं ओढून काढायचे, कुलूप उघडायचे आणि दाराशी स्टुलावर बसायचे. त्यांचा पुतण्या दिगंबर ट्रकचा धंदा करी. त्याला ही शेड तागाची पोती ठेवायला हवी होती. दर आठवड्याला येऊन तो तेच सांगे. खाटा परत आल्यावर श्यामरावांनी सगळ्यांसमोर बोलून टाकलं, "ह्या खेपेला पास झाल्या तर शेड कालिंदीची. नाहीतर किल्ली दिगंबरला. मला आता रोजची कटकट नको."

हे सगळं मला कालिंदीताईंनीच सांगितलं, रागाने नाही, हवापाणी सांगावं तसं. मग त्यांनी मला एका कोपऱ्यात नेलं. तिथे कापलेल्या नळ्यांची रांग लावलेली होती आणि प्रत्येकीवर खडूने वेळ लिहिली होती. आठ दहा. साडेनऊ. एक पाच. चार चाळीस.

"तुमच्या साहेबांकडून आले ती थेट स्ट्रँड रोडवर, हत्यारांच्या बाजारात गेले आणि तसाच गुण्या घेतला. चार दिवस एकेक नळीचा काप मोजला. बघा. सकाळचे सरळ, चारनंतरचे तिरके."

समोर हाराधन मिस्त्री नळी कापत होता. पन्नाशीचा, बारीक अंगाचा माणूस. नळीभोवती कागदाची पट्टी गुंडाळून खडूची रेघ मारायची, व्हाइसच्या जबड्यात नळी आवळायची आणि हाताच्या हॅकसॉने, म्हणजे लोखंड कापायच्या करवतीने, रेघेवर कापायचं. अशा दिवसाला शंभर नळ्या. वीस वर्षं.

"चारनंतर त्याचा उजवा खांदा उतरतो," कालिंदीताई हळूच म्हणाल्या. "त्यालाही कळत नाही. हात सरळच असतो, खांदा खाली येतो, मग पातं कलतं. कारागिरी निकृष्ट म्हणे!"

श्यामरावांनी दारातून ऐकलं. "मग सकाळीच कापा की!"

"आणि दुपारी काय करू, बाबा? तुमच्या भावाच्या मुलाची पोती मोजू?"

त्यांनी ठरवून टाकलं होतं. खांदा न उतरणारं काहीतरी हवं, म्हणजे विजेवर चालणारी हॅकसॉ. नवी घेणं आवाक्याबाहेरचं होतं. पण खिदिरपूरला गोदीमागे एक भंगारवाला होता, त्याच्याकडे लढाई संपल्यावर अमेरिकन फौजांनी टाकून दिलेली यंत्रं पडलेली होती. त्यातलं एक कालिंदीताईंनी हेरलं. गंजलेलं, पण कापायचा हात धड. बदल्यात काय दिलं ते मला पुढच्या खेपेला कळलं. शेडमध्ये ताडपत्रीखाली श्यामरावांची जुनी मोटार उभी असायची. ती जागा रिकामी होती, आणि तिथे यंत्र.

"माझी गाडी!" श्यामराव दाराशीच ओरडले.

"चार वर्षं तिच्यात कोंबड्यांखेरीज कुणी बसलं नव्हतं, बाबा."

"ती चालू करता आली असती!"

"कोंबड्यांनी प्रयत्न केला असणार."

हाराधन मात्र हसला नाही. आपली हॅकसॉ खुंटीला लावून तो भिंतीशी उकिडवा बसला होता. यंत्राकडे त्याची पाठ होती.

पहिली नळी कालिंदीताईंनी स्वतःच लावली. दिगंबर मुद्दाम बघायला आला होता. पट्टा फिरला, पातं पुढेमागे धावू लागलं. कड्कड् आवाज झाला आणि पात्याचे दात भातुकलीतल्या तांदळासारखे खाली सांडले. नळीचं तोंड फाटलं होतं, आणि जबड्याने आवळल्या जागी ती चपटीही झाली होती.

"वा!" दिगंबर म्हणाला. "चपट्या नळीच्या खाटा! पेशंट घरंगळणार नाही, तेवढं बरं आहे. काका, मी पुढच्या महिन्यात पोती आणायला हरकत नाही ना?"

"सतराला ये," श्यामराव म्हणाले. "त्या दिवशी काय ते ठरेल."

दिगंबर गेल्यावर कालिंदीताई ती फाटकी नळी घेऊन हाराधनसमोर जमिनीवर बसल्या. अगदी फतकल मारून. मी बाजूला उभी होते. त्या त्याच्याशी बंगालीत बोलत, पण मला कळावं म्हणून हाराधन आपल्या हिंदीत उत्तरं देई. त्यांना तो बौदी, म्हणजे वहिनी, म्हणे.

"सांगा, हाराधनदा. कुठे चुकलं?"

"मशीन से पूछिए, बौदी. अब तो मशीन मिस्त्री है."

"मशीनला खांदा आहे, अक्कल नाही. मला दोन्ही हवं."

मग त्याने नळी हातात घेतली, फाटक्या कडेवरून अंगठा फिरवला आणि तिरस्काराने पात्याकडे बोट केलं. ते पातं भरीव लोखंड कापायचं, मोठ्या दातांचं. नळीचं अंग पातळ. मोठे दात तिच्या कडेत अडकणार आणि मोडणारच. बारीक दातांचं पातं हवं, आणि वरून येणारं वजन निम्मं करायला हवं. "और ये," त्याने जबड्याकडे पाहिलं, "ये तो गला दबाता है."

"अळूवडीचा उंडा दाबून धरला की चपटतो, तसं," मी मध्येच म्हटलं. दोघांनी माझ्याकडे पाहिलं. कालिंदीताईंनी त्याला बंगालीत काहीतरी समजावलं, बहुतेक अळूवडी. हाराधन पहिल्यांदा हसला.

"तो हाथ का माफिक पकड़ना होगा," तो म्हणाला. आणि त्याने ओंजळ केली.

त्या ओंजळीचे पुढे साल वृक्षाच्या लाकडाचे दोन ठोकळे झाले. हाराधनने स्वतः कोरले. आतून नळीएवढी गोलाई, बाहेरून चौकोनी. ते जबड्यात बसवले की नळी मुठीत धरल्यासारखी राही. जबडा किती कोनात बसवायचा हे कालिंदीताईंनी गुण्या लावून ठरवलं आणि तिथे रंगाची खूण केली. सप्टेंबरचा दुसरा आठवडा उजाडेपर्यंत यंत्र नळ्या कापत होतं, साबणाच्या पाण्याची धार पात्यावर पडत होती, आणि हाराधन शेजारी उभा राहून त्याच्याकडे असं बघे की जणू नवीन जावई जेवायला बसलाय आणि मीठ मागतो की काय! खडूच्या वेळा चालूच होत्या. चार चाळीसची नळी मी स्वतः गुण्याला लावून पाहिली. उजेड दिसला नाही.

त्या आनंदात मी म्हटलं, "मग सतराला काय, झालंच समजा."

हाराधनने मान हलवली. "सत्रह को तो बिश्वकर्मा पूजा. उस दिन औजार छूना मना."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि ते पंचांगाचं पान आठवलं. आपल्याकडे हत्यारांची पूजा खंडेनवमीला, दसऱ्याच्या आदल्या दिवशी. इथे ती विश्वकर्म्याची, सप्टेंबरच्या मध्याला. त्या दिवशी हावड्यात कुणी हातोडीसुद्धा उचलत नाही. आमच्या पुण्याच्या पंचांगात विश्वकर्मा नव्हता. आणि कॅलेंडर बघायला कुणाला सांगितलं होतं, तर मला.

"कालिंदीताई, तुम्हाला ठाऊक होतं?"

"पत्र आलं त्याच दिवशी. उलट लिहिलंही, त्या दिवशी यंत्र चालणार नाही म्हणून. साहेबांचं उत्तर आलं, तारखेत बदल शक्य नाही."

"मला का नाही बोललात?"

"तुमच्या घरात भांडण लावायला खाटा बनवते का मी?"

घरी जाऊन मी ते भांडण स्वतःच लावलं. चूक माझी आहे, हेही सांगितलं. ह्यांनी ऐकून घेतलं. "मुदत सतराला संपते. अठराला सकाळी मी टाटानगरच्या दौऱ्यावर. आता काय करता येईल?" ह्यांच्या आवाजात खेद होता. पण ह्यांचा खेदही नियमात बसणाराच.

दिगंबरने मात्र तोड काढली होती. दार ओढून घ्यायचं, त्याचा ड्रायव्हर कारखान्याचा माणूस म्हणून बटण दाबेल, दहा नळ्या कापून दाखवायच्या. मिस्त्री लोकांना बाहेर पूजेची खिचडी वाढत राहायची. मग ते दुखावून दुसऱ्या दिवशी कामावर येणार नाहीत, हे त्याने धरलेलंच असावं. श्यामरावांचीही पितृपक्षात नवं काही सुरू करायला नाखुशी होती, पण तेसुद्धा म्हणाले, "विचार कर, कालिंदी. शेडच गेली तर पूजा कुठे करणार ते लोक?"

"वर्षभर ज्यांच्या हातांनी कापायचं, त्यांचा देव एका दिवसासाठी मोडीत काढू?" कालिंदीताई म्हणाल्या. "गाडी मोडीत काढली तेवढं पुरे झालं."

सतराला मी ह्यांच्याबरोबर गेले. गल्ली ओळखू येत नव्हती. सगळ्या शेड गप्प, आणि आभाळभर पतंग. आमच्या शेडमध्ये हत्तीवर बसलेला विश्वकर्मा, समोर धूप. यंत्राला झेंडूचा हार, पात्याला शेंदराचं बोट. खाली ओळीने मांडलेली हत्यारं, त्यात हाराधनची जुनी हॅकसॉ पहिली. श्यामराव स्टुलावर, शेजारी दिगंबर नव्या धोतरात.

"यंत्र बंद?" ह्यांनी विचारलं.

"आज बंद," कालिंदीताई म्हणाल्या. "मी कळवलं होतं."

"मी उत्तर दिलं होतं."

"तेही वाचलं. या, बसा."

दिगंबर पुढे सरसावला. "साहेब, पाच मिनिटांचं काम आहे, माझा माणूस आत्ता..."

हाराधन आणि बाकीचे चौघे यंत्राजवळ उभे होते. हाराधनने कपाळावरचा घाम पुसला. "बौदी बोलेगी तो हम लोग हट जाएगा," तो हळू म्हणाला. "लेकिन देखेगा नहीं."

"कुणी हटायचं नाही," कालिंदीताई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता, पण दिगंबर जागच्या जागी थांबला. "साहेब, यंत्र आज चालणार नाही. तुमच्यासाठी नाही, तीनशे खाटांसाठी नाही. ह्या शेडसाठीही नाही. पण गेल्या तीन दिवसांत कापलेल्या नळ्या ह्या इथे आहेत. वेळा लिहिल्यात. हवी ती उचला."

"मोजणं चालेल?" ह्यांनी हाराधनकडे बघून विचारलं. कलकत्त्यातल्या दहा महिन्यांत ह्यांनी कुणा मिस्त्रीला विचारलेला हा पहिला प्रश्न असावा. "गुण्या हेही हत्यारच."

कालिंदीताईंनी ते बंगालीत सांगितलं. मिस्त्री लोकांनी आपसात खल केला. मग हाराधनने निकाल दिला, "वो तो सरकार का है. उसका पूजा हम लोग नहीं किया."

ह्यांनी कोट काढला. एकेक नळी उचलली. मुद्दाम चारनंतरच्या. पाच पाच, चार पन्नास, सव्वापाच. तीसएक नळ्या झाल्या. शेवटची खाली ठेवताना ह्यांनी तिच्याकडे कडेकडेने पाहिलं, पोळीकडे बघतात तसं.

"नळ्या सरळ आहेत," हे म्हणाले. "पण इथे, ह्या माणसांनी कापताना मी पाहिलेलं नाही. 'पाहिलं' असं मी लिहू शकत नाही."

"लिहू नका. खोटं लिहून पास झालेली खाट मलाच नको." कालिंदीताई सरळ उभ्या होत्या. "उद्या सकाळी सहाला आम्ही यंत्र सुरू करू. तुमची गाडी साडेआठची, वहिनी म्हणाल्या. स्टेशन इथून दहा मिनिटं."

"मुदत आज संपते, बाई."

"तुमची संपते. आमचं काम उद्या सहालाच सुरू होतं."

हे निघाले. खिचडीला थांबले नाहीत. मी थांबले, आणि दोनदा वाढून घेतली.

दिगंबर हात पुसत श्यामरावांपुढे आला. "काका, ठरलं होतं. किल्ली."

श्यामरावांनी पतंगांकडे बघत घास संपवला. "आज हत्यारांना सुट्टी आहे," ते म्हणाले. "किल्लीही हत्यारच. उद्या ये."

दुसऱ्या दिवशी पहाटेच टॅक्सी बोलावली. मी म्हटलं, स्टेशनवर सोडायला येते. आठ वर्षांत कधी गेले नव्हते, ह्यांनी काही विचारलं नाही. टॅक्सीवाल्या सरदारजीने विचारलं, "हावड़ा स्टेशन?"

"पहले बेलिलियस रोड," हे म्हणाले.

मी खिडकीबाहेर बघत राहिले. पुलावर आल्यावर हे स्वतःशीच बोलावं तसं म्हणाले, "मुदत पत्र पोचल्या दिवसापासून धरायची असते. मी पत्राच्या तारखेपासून धरली. खाटा परत केल्याचं ते पत्र त्यांना एकवीस ऑगस्टला पोचलं. काल संध्याकाळी नियम पुन्हा वाचला."

"म्हणजे चूक तुमचीही."

"मोजण्यातली," हे म्हणाले. ह्या माणसाला ह्याहून मोठी कबुली देता येत नाही.

शेड उघडी होती. आठच्या आधी कधी न येणारे श्यामराव दाराशी स्टुलावर बसलेले होते, सदऱ्याबाहेर जानवं, जानव्याला किल्ली. काल ज्याला हात लावायची बंदी होती त्या यंत्राचा पट्टा फिरत होता. सुकलेला हार तसाच. आम्हाला बघून कालिंदीताईंनी "या" एवढंच म्हटलं, जसं काही ठरलेलंच होतं. मला मात्र त्यांच्या हातातला खडू मोडलेला दिसला. दोन तुकडे, घामाने ओले.

हाराधनने ओंजळीच्या ठोकळ्यांत नळी ठेवली, जबडा फिरवला, साबणाच्या पाण्याचा नळ सोडला. पातं टेकलं. घस्स, घस्स, घस्स, एका लयीत, न दमता. तुकडा खाली पडला. ह्यांनी गरम नळी रुमालात धरून गुण्या लावला आणि दाराकडे केली. उजेड नाही. दुसरी. नाही. दहा झाल्या. मग ह्यांनी शेजारी जोडून ठेवलेली खाट ओढली, फरशीवर ठेवली आणि अंगठ्याने तिचा कोपरा दाबला. मग दुसरा. मग चारही. खाट हलली नाही.

ह्यांनी स्टुलावर बसून अहवाल लिहिला. श्यामराव त्यांच्यासाठी उठले होते. कालिंदीताईंनी वाचला. 'समक्ष पाहिलं. कापणी सरळ. स्वीकार्य.' खाली आणखी एक ओळ होती: 'मागील अहवालातील शेरा कारागिरास उद्देशून नव्हता, असे समजावे.'

"वाक्य जरा तिरकं आहे, साहेब," त्या म्हणाल्या. "पण चालेल." आणि हाराधनला त्यांनी ती ओळ बंगालीत वाचून दाखवली. दोनदा.

दिगंबर सात वाजता आला. कुणी काही सांगायची गरज पडली नाही. यंत्राचा आवाज गल्लीच्या तोंडापर्यंत जात होता. तो थोडा वेळ दारात उभा राहिला, "पोती काय, कुठेही राहतील," म्हणाला आणि गेला.

श्यामरावांनी जानव्यावरच्या किल्लीच्या दोऱ्याची गाठ सोडायला घेतली. तीस वर्षांची गाठ, घामाने आणि तेलाने लाकूड झालेली. त्यांना दिसेनाही. कालिंदीताईंनी नखाने पाहिलं, मी हेअरपिनने पाहिलं. हलेना.

"यंत्रावर धरा, बाबा."

"जानवं आहे ते!" श्यामराव ओरडले. "किल्लीचा दोरा तेवढा काप. आणि यंत्रानं नाही. बघ, ह्याला अजून हातच लागतो."

हाराधनने विश्वकर्म्यापुढची आपली हॅकसॉ उचलली, शेंदूर पुसला आणि वाकला. श्यामरावांनी किल्ली छातीपासून लांब ताणून धरली.

"सरळ काप रे," ते म्हणाले.

"सकाळ आहे, बाबा," कालिंदीताई म्हणाल्या, आणि खाली हात धरला.